संसाराची बॅटरी

तावडे हॉटेलपाशी हमरस्ता सोडून आम्ही कोल्हापुरात शिरलो, तेव्हा आमच्या घरातला दिवा समईइतका मंद झाला होता. घर म्हणजे गाडी. निवृत्तीनंतर ह्यांनी एक जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेतली, सीटा काढून टाकल्या, पलंग, ओटा, फ्रीज आणि पाण्याची टाकी बसवून घेतली आणि तिला मोटारहोम म्हणायला सुरुवात केली. पुण्यात आमच्या सोसायटीत तिला अजूनही 'चौथ्या मजल्यावरच्यांचा टेम्पो'च म्हणतात.

रंकाळ्याच्या काठाला, एका डेरेदार झाडाखाली गाडी लावली. फ्रीजने तीनदा चिरकून मान टाकली. पाठोपाठ पंखा थांबला. (हे जानेवारीतही पंख्याशिवाय झोपत नाहीत.) अंधारात दोन क्षण गेले आणि ह्यांचा आवाज आला, "मिक्सर!"

दुपारी कराडच्या अलीकडे मी चटणीपुरता मिक्सर फिरवला होता. पाच मिनिटं. आमच्या घरात वीज, पाणी, गॅस, पैसा यांतलं काहीही संपलं की मूळ कारण मिक्सरच असतो, कारण तो आवाज करतो.

"पण गाडी तर चालू होतेय," मी म्हटलं.

मग अंधारातच व्याख्यान झालं. गाडीत दोन बॅटऱ्या असतात. एक इंजिनाची, दुसरी घराची. घराच्या बॅटरीला इंग्रजीत डीप-सायकल म्हणतात. १८५९ साली प्लाँते नावाच्या फ्रेंच माणसाने शिशाची बॅटरी केली, तिथून हे निघाले आणि १९०० पर्यंत पोचले, तोवर मी झोपले होते.

सकाळी उजाडताच गंगावेशीतला दूधकट्टा गाठला. फ्रीजमधलं दूध नासलं होतंच. इथे म्हैस समोर उभी असते, धार तुमच्यादेखत काढतात आणि फेसाळ पेला हातात येतो. फ्रीज, बॅटरी, इन्व्हर्टर असलं काही मध्ये येतच नाही. हे पेला तोंडाला लावून शेजारच्या माणसाला आमचं दुखणं सांगू लागले आणि पाच मिनिटांत आमच्याभोवती सल्लागार मंडळ जमलं.

"ट्रकची टाका की! हत्ती ओढंल."

"ट्रकची कशाला? घरच्या इन्व्हर्टरची उचला आणि ठेवा."

"आमच्या भावजीची ई-रिक्षा हाय. तसल्या चार घाला, नाद खुळा!"

मागून एक आजोबा गाडी निरखत आले. "शूटिंगची गाडी न्हवं ही? हिरोईन कुठाय?" मी पेला घेऊन त्यांच्यासमोरच उभी होते. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि समजुतीने म्हणाले, "आईचं काम करतासा व्हय?"

आजोबांचाही दोष नाही. हे सिनेमाचं गाव. बाबूराव पेंटरांनी इथे स्वतःचा कॅमेरा घरी तयार केला आणि १९२० साली त्यांचा 'सैरंध्री' पडद्यावर आला. विकत मिळत नाही ते करून घ्यायचं, हा या गावचा जुना स्वभाव. तो आजही पाहायचा तर शिवाजी उद्यमनगरात जावं. एका गल्लीत लेथ, दुसरीत ओतकाम, तिसरीत कुणाच्या तरी इंजिनाची हाडं मोकळी करून ठेवलेली. आमची गाडी शिरली तशी चार दुकानांतली माणसं हातातलं काम ठेवून बाहेर आली. पुण्यात असं होत नाही. पुण्यात आतूनच 'आज बंद आहे' असं ऐकू येतं.

बॅटरीचे मिस्त्री पन्नाशीचे, मोजकं बोलणारे. त्यांनी आधी इंजिन सुरू करायला लावलं. ते पहिल्या फटक्यात धडधडलं.

"ही ठणठणीत हाय. हिचं काम म्हंजे खटक्यावर बोट, जाग्यावर पलटी. पातळ प्लेटा, पण लई. दोन-तीनशे ॲम्पिअर एका दमात देती आणि गप बसती. हिला रातभर फ्रीज वढायला लावलासा तर चार महिन्यांत मरंल."

"आणि घरची?"

"तिच्या प्लेटा जाड. एकदम जोर न्हाई, पर दिवसभर वढती."

ह्यांचं रात्रीचं व्याख्यान मिस्त्रींनी तीन वाक्यांत संपवलं होतं. हे जरा खट्टू झाले.

घरची बॅटरी पलंगाखालून काढायला दोन पोरं लागली. तासभर चार्जिंगला लावून मिस्त्रींनी एकेक झाकण उघडलं आणि हायड्रोमीटर बुडवून आकडे सांगत गेले. पाच सेल बाराशेच्या आसपास, सहावा अकराशेवर. लोड लावला तसा काटा धाडकन खाली बसला.

"सेल गेलाय. पाणी कवा घातलंसा?"

"गणपतीत," हे म्हणाले.

"कुठलं?"

"फिल्टरचं."

मिस्त्रींनी नुसतं माझ्याकडे पाहिलं. बॅटरीला डिस्टिल्ड पाणीच लागतं, फिल्टरच्या पाण्यातले क्षार प्लेटांना खातात. त्यात गणपती झाल्यावर गाडी चार महिने सोसायटीत अर्ध्या चार्जवर उभी होती. शिशाची बॅटरी उपाशी ठेवली की प्लेटांवर सल्फेटचा पांढरा थर धरतो आणि तो पुढे कितीही चार्ज केलं तरी निघत नाही.

"आणि ही पलंगाखाली हुती?"

"हो. का?"

"चार्ज हुताना हायड्रोजन सोडती ही. वारा जायला वाट पायजे." त्यांनी आम्हा दोघांना एकदा आपादमस्तक न्याहाळलं. "झोपत हुतासा तिच्यावर?"

नवी कुठली घ्यायची यावर हे आता मुद्द्यावर आले. "दीडशे ॲम्पिअर-अवरच्या दोन द्या. मोठ्या." मिस्त्रींनी कोपऱ्यातली उंच ट्युब्युलर दाखवली. घरोघरी इन्व्हर्टरला असते ती. तिचं वजन साठ किलोच्या आसपास, उंची पलंगाला वर उचलणारी. दोन घेतल्या तर गाडीत दोन पैलवान कायमचे पलंगाखाली झोपवल्यासारखं झालं असतं. तेही ॲसिड प्यालेले.

"काका, आधी खाणारी तोंडं मोजा. मग भाकरी थापा," मिस्त्री म्हणाले.

हे वाक्य ऐकलं आणि मला एकदम घरी आल्यासारखं वाटलं. तीस वर्षं मी दुसरं काय केलं? मिस्त्रींकडून जुन्या बिलाचा पाठकोरा कागद मागून घेतला आणि वाणसामानाची यादी करावी तशी विजेची यादी केली. ॲम्पिअर गुणिले तास, एवढंच गणित.

फ्रीज चार ॲम्पिअर ओढतो, चोवीस तासांतले निम्मे तास चालतो, म्हणजे ४८. पंखा दोन ॲम्पिअर, आठ तास, १६. दिवे ५. मोबाइल आणि ह्यांचा टॅब मिळून ६. पाण्याचा पंप दिवसाकाठी बारा मिनिटं, म्हणजे १.

"मिक्सर लिहा," हे म्हणाले. त्यांचा आवाज न्यायाधीशाचा होता.

मिक्सर पाचशे वॉटचा. बारा व्होल्टने भागले तर बेचाळीस ॲम्पिअर. हे विजयाने हसले. मग मिस्त्रींनी विचारलं, "किती वेळ?" पाच मिनिटं. साडेतीन. इन्व्हर्टरमधली गळती धरून ४.

एकूण ८०. त्यांतले ४ माझे. बाकीचं कोण खातं? रात्रभर गार पाणी लागतं कुणाला? श्रीखंडाचा डबा कुणाचा? जानेवारीत पंखा कोण लावतं? मी काहीच बोलले नाही. कागदच बोलत होता. आवाज करणारा घर बुडवत नाही. घर बुडवतो तो दिवसभर मुकाट खाणारा.

पुढचं सोपं होतं. शिशाची बॅटरी निम्म्याच्या खाली नेली की तिचं आयुष्य झपाट्याने घटतं. म्हणून ८० हवे असतील तर १६० ची घ्यावी लागते, आणि उन्हाळ्यात गाडी तापली की ती आणखी लवकर म्हातारी होते. लिथियम आयर्न फॉस्फेटची शंभरातले ऐंशी बिनतक्रार देते, दोन हजारांहून अधिक वेळा. शिवाय वजन बारा-तेरा किलो. पैलवानांच्या मानाने हे तालमीत अजून नावही न घातलेलं पोरगं. पैसे मात्र तेच जास्त मागतं.

आणि नखरेही करतं. त्याला थेट इंजिनाच्या अल्टरनेटरला जोडलं तर ते इतक्या हावरेपणाने करंट ओढतं की अल्टरनेटर तापतो. म्हणून मध्ये डीसी-डीसी चार्जर लागतो. आमच्या सोलर पॅनेलच्या कंट्रोलरचं सेटिंग बदलावं लागतं. व्होल्टमीटर बघून काही कळत नाही, कारण शिशाची बॅटरी १२.७ वरून १२.२, मग ११.८ अशी कण्हत कण्हत खाली येते, तर लिथियमची १३ च्या वर हसत हसत बसते आणि एकदम डोळे मिटते. म्हणून आत गेले किती आणि बाहेर आले किती, हे मोजणारं वेगळं मीटर बसवायचं.

"एकदा इंडक्शन शेगडीचं बघू या का?" हे हळूच म्हणाले. अठराशे वॉट. दीडशे ॲम्पिअर. अर्धा तास पिठलं ढवळलं की अख्ख्या दिवसाची वीज गेली. शेगडी गॅसचीच राहिली.

शेवटी लिथियमचीच ठरली. बॅटरी दुसऱ्या दिवशी यायची होती. तारीख ३१ जानेवारी, म्हणून संध्याकाळी अंबाबाईच्या किरणोत्सवाला गेलो. मावळतीची किरणं महाद्वारातून आत येत पहिल्या दिवशी देवीच्या चरणांपर्यंत पोचतात, दुसऱ्या दिवशी आणखी वर आणि तिसऱ्या दिवशी मुखावर. नोव्हेंबरातही असाच किरणोत्सव असतो. गर्दीत टाचा उंचावून बघताना ह्यांनी कानात विचारलं, "शेकडो वर्षांपूर्वी हा कोन साधला कसा असेल?" मी म्हटलं, "त्यांनी देऊळ झाडाखाली नाही बांधलं." आमचं दोनशे वॉटचं सोलर पॅनेल काल गाडीसकट रंकाळ्यावरच्या त्या डेरेदार झाडाखाली लावलं होतं. चांगल्या उन्हात ते दिवसाला पन्नास ॲम्पिअर-अवर भरतं. झाडाखाली पाखरांचं भरतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं जोडून झालं. जुनी बॅटरी मिस्त्रींनी वजनावर घेतली आणि बिलातून पैसे वजा केले. शिसं पुन्हा वितळून कामाला येतं. कुठेही टाकलं तर तेच विष होतं, म्हणून जुनी बॅटरी भंगारात फुंकून टाकू नये, दुकानात परत द्यावी, एवढं आम्ही शिकलो. निघताना मिस्त्री म्हणाले, "काकू, हिशोब तुमच्याकडंच ठेवा."

तो कागद आता फ्रीजच्या दारावर चिकटवलेला आहे. ह्यांनी गार पाण्यासाठी दार उघडलं की तो डोळ्यांसमोर येतो. फ्रीज ४८. पंखा १६. मिक्सर ४.