गडग्यापलीकडचा हिशेब

"वैनी, पोर का गो ओरडत्ये तुझी? विंचू डसला की काय?"

गडग्यापलीकडून काकूंनी विचारलं. काकू आमच्या शेजारच्या, पोस्टाच्या बचत एजंट. नाचण्यापासून मारुती मंदिरापर्यंत निम्म्या घरांची रिकरिंगची पुस्तकं त्यांच्या कापडी पिशवीत असतात आणि उरलेल्या निम्म्या घरांच्या बातम्या.

विंचू नव्हता. लेकीच्या खात्यातून ४३६ रुपये गेले होते आणि त्यापाठोपाठ आणखी २०. लेक गोगटे जोगळेकर कॉलेजात एस.वाय. बी.कॉम.ला. मोबाइल नाचवत अंगणात आली होती, "आई, फ्रॉड झालाय, १९३० ला फोन लाव!" सायबर फसवणुकीचा नंबर पोरीला तोंडपाठ आहे याचं मला कौतुकच वाटत होतं. पण काकू फणसाची साटं उलटता उलटता हसायला लागल्या.

"मे संपत आला नं? मग बरोबर. विम्याचे गेले ते. ४३६ जीवनज्योतीचे, २० सुरक्षाचे. खातं उघडताना चार ठिकाणी सह्या केल्यास, त्यातलीच एक ही. जूनपासून पुढच्या मेपर्यंत दोन दोन लाखांचे विमे आहेत तुझे. ठाऊक तरी आहे का?"

ठाऊक नव्हतं. मला ठाऊक होतं, असंही नाही म्हणवत. २०१५ साली या योजना निघाल्या तेव्हा ३३० आणि १२ रुपये होते, ते कधी वाढले हेही काकूंनीच सांगितलं. लेकीची अडचण मात्र वेगळीच निघाली. पुस्तकात रोख आली की डेबिट शिकलेली, आणि पासबुकात पैसे आले की क्रेडिट लिहिलेलं. दोन वर्षं ती बँकेलाच चुकीचं समजत होती. बँक तिच्या वहीत लिहिते, आपण आपल्या. तिचं देणं ते आपलं येणं. हे काकूंनी एका वाक्यात सांगितलं आणि पोरीचा चेहरा असा झाला, जसं काही कॉलेजची फी परत मागणार आहे.

"पण ओरडली ते बरं हो," काकू गडग्याला टेकल्या आणि आवाज खाली आला. आमच्याकडे खरी बातमी यायची असली की आधी आवाज खाली येतो. "वरच्या आळीतला तो मुलगा ओरडला नाही. शिकायला पुण्याला ठेवलेला नाही का? त्याने खातं भाड्याने दिलंन."

"खातं? भाड्याने?"

"मग काय सांगत्ये! कोणी मित्राचा मित्र म्हणे. एटीएमचं कार्ड दे, सिमकार्ड दे, दोन महिन्यांनी परत करतो, पाच हजार घे. ह्याला वाटलं, खात्यात आहेत दीडशे रुपये, कोण काय नेणार? कोणी नेलं नाही, उलट आणून टाकलं. लोकांना फसवून काढलेले पैसे ह्याच्या खात्यातून इकडचे तिकडे. आता खातं गोठवलेलं आणि परराज्यातल्या पोलिसांची नोटीस. पैसे कोणाचे का असेनात, नाव ह्याचं ना! आई सांगत्ये सगळ्यांना, आधारचं काहीतरी अडकलंय म्हणून."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"रिकरिंग मोडायला आली होती माझ्याकडे. वकिलाला द्यायचे असणार. पण तीन वर्षं झाल्याशिवाय मोडता येत नाही. म्हटलं, वर्षाचे हप्ते भरून झालेत, निम्म्या रकमेपर्यंत कर्ज मिळतं, तेवढं काढ. मी काही कोणाला बोलत नाही हो."

सकाळपासून कोणाकोणाला बोलला नाहीत, असं विचारायचं अगदी ओठांवर आलं होतं. पण शेजार टिकवायचा असतो.

लेक म्हणाली, "आजी, आमच्याकडे असलं कोणी करत नाही. फार तर फोन हप्त्यावर घेतात. नो कॉस्ट ईएमआय."

"नो कॉस्ट!" काकूंनी साट दोरीवर असं आपटलं की मलाच भीती वाटली. "अगो, फुकट कोण देतंय पैसा? रोख घेणाऱ्याला जी सूट मिळते ती तुला मिळत नाही, तेच तुझं व्याज. वर प्रोसेसिंग फी, त्यावर जीएसटी. रिझर्व्ह बँकेने २०१३ सालीच बँकांना बजावलंन, शून्य टक्के व्याज असा प्रकारच नसतो म्हणून. आणि क्रेडिट कार्डाचं ऐक. महिना शेकडा साडेतीन. माझ्या सासऱ्यांच्या वेळी शेकडा तीनवाला सावकार होता, त्याला देवळात कोणी शेजारी बसवून घेत नसे. आता शेकडा साडेतीनवाला स्वतःहून फोन करतो, मॅडम, तुमच्यासाठी ऑफर आहे!"

मग त्यांनी आमच्याच गडग्यावर, चिऱ्यावर कोळशाने हिशेब मांडला. मुंबईला नोकरीला लागलेल्या त्यांच्या भाच्याचा. कार्डावर वीस हजार राहिले. महिन्याचं व्याज सातशे, त्यावर अठरा टक्के जीएसटी एकशे सव्वीस. भाच्याने ऐटीत हजार भरले. मुद्दलातून गेले किती? एकशे चौऱ्याहत्तर. "आणि हा मला सांगतो, मावशी, मी दर महिन्याला वेळेवर भरतो!"

तो हिशेब अजून आहे तिथे. पहिल्या पावसात जाईल म्हणून मी लेकीला वहीत उतरवायला लावला.

काकूंचं शिक्षण मॅट्रिकपर्यंत, संगमेश्वरच्या पैसा फंड शाळेत. पण बहात्तरचा आकडा त्या पिशवीतल्या पावती पुस्तकासारखा जवळ बाळगून असतात. बहात्तरला व्याजाच्या दराने भागा, पैसे दुप्पट व्हायला लागणारी वर्षं येतात. पोस्टाच्या रिकरिंगला २०२३च्या ऑक्टोबरपासून ६.७ टक्के आहेत, म्हणजे साधारण पावणेअकरा वर्षं. "आता उलटं कर," त्या लेकीला म्हणाल्या. "कोणी आलं, तीन वर्षांत दुप्पट म्हणालं, तर?"

"बहात्तर भागिले तीन. चोवीस टक्के."

"रिझर्व्ह बँक देत नाही, पोस्ट देत नाही, तुझा बाप देत नाही. मग हा कुठून देतोय? एवढंच विचारायचं आणि ताक देऊन वाटेला लावायचं. त्या पर्ल्स कंपनीच्या योजनेचं काय झालं? २०१४ साली सेबीने थांबवलंन, तोवर देशभरातून ४९,१०० कोटी गोळा झाले होते. त्यात शहाणी माणसं नव्हती थोडीच?"

शहाणी माणसं आमच्या नात्यातही आहेत. माझा एक भाचा इंजिनीअरिंगला, हॉस्टेलात बसून ऑप्शन्स करतो. गणपतीत आला तेव्हा सगळ्यांना मोबाइलवर हिरवे आकडे दाखवत होता. होळीला आला तेव्हा मोबाइल खिशात. सेबीनेच २०२४ च्या सप्टेंबरात अभ्यास काढला: तीन वर्षांत फ्युचर्स-ऑप्शन्स करणाऱ्या शंभर सामान्य माणसांतली ९३ तोट्यात, सगळ्यांचा मिळून तोटा एक लाख ऐंशी हजार कोटींच्या वर. भाच्याला तो आकडा ठाऊक होता. तो म्हणाला, "मावशी, सात जण कमावतात ना!" या वयात प्रत्येकाला आपण सातांतलेच वाटतो. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या ऑगस्टात कायदा आला, पण बाजारावर कोण कायदा आणणार? बाजार वाईट नव्हे. महिना पाचशेची एसआयपी लावून विसरून जाणारी मुलंही त्याच हॉस्टेलात आहेत. ती काही दाखवत फिरत नाहीत, म्हणून त्यांच्या गप्पा होत नाहीत.

काकूंना एसआयपीचं विशेष सोयरसुतक नाही. त्या रिकरिंगवाल्या. "शंभराला चार रुपये मला सुटतात, तेव्हा माझं बोलणं तेवढं वजा करून घे," हे स्वतःच सांगून टाकतात, म्हणून माझा त्यांच्यावर विश्वास. एवढं तोंडावर सांगणारा एजंट मला दुसरा भेटलेला नाही. लेकीने नाक मुरडलं. "पाचशे रुपयांनी काय होणार, आजी?"

"पाच वर्षांनी पस्तीस हजार सहाशेच्या वर होणार, त्यातले तीस तुझे. आणि पाचशेला हसू नको. पैसा पैसा गोळा करून तळेगावला काचेचा कारखाना उभा केलान लोकांनी, १९०८ साली. पाठीशी टिळक होते. टिळक आळीतून रोज जात्येस ना कॉलेजला?"

टिळक आळीतून ती जात नाही, एसटीने जाते. पण वाद नको.

मग काकू माझ्याकडे वळल्या आणि खरी पंचाईत झाली.

"तिला शिकवत्येस सगळं. घरात येतं किती, हे सांगितलंस का कधी?"

मी साटांकडे बघायला लागले. खरं सांगायचं तर, आमच्याकडे पोरांना तांदूळ किती लागतो ते माहीत असतं, पैसा किती लागतो ते नसतं. 'तुला काय करायचंय, तू अभ्यास कर.' हे मला माझ्या आईने सांगितलं, तिला तिच्या आईने. आजोबा गिरणीतून मनीऑर्डर पाठवायचे. ती फोडून वाण्याचं किती, फीचं किती, देवाचं किती, हे आजीच्या पदराच्या गाठीला ठाऊक. मुलगी एकदम सासरी गेल्यावर शिकायची, मुलगा एकदम मुंबईला गेल्यावर. आता मात्र अठराव्या वर्षी खातं, कार्ड, यूपीआय सगळं हातात येतं आणि आपण अजून म्हणतोय, तू अभ्यास कर. एकीकडे भर पावसाची बेगमी एप्रिलपासून करणारी माणसं आपण, आणि पोरीच्या खात्यात तीन महिन्यांचं काही शिल्लक असावं, हे मात्र आपल्याला सुचत नाही.

"यंदाची पट्टी दाखव तिला," काकू म्हणाल्या.

पट्टी म्हणजे आंब्याच्या विक्रीचा हिशेब, वाशीच्या दलालाकडून येतो तो. रत्नागिरीकर आपल्या आजाराबद्दल सांगेल, पोराच्या मार्कांबद्दल सांगेल, पण पट्टी दाखवणार नाही. किती पेट्या गेल्या विचारलं तर 'यंदा काही खरं नाही हो, थ्रिप्सने खाल्लं' हे उत्तर आमच्याकडे पिढीजात आहे. बंपर पीक आलं तरी हेच.

तरी त्या रात्री काढली. यजमानांची कुरकुर चालू होती. लेक आधी वरचा आकडा बघून खूश झाली, "एवढे मिळाले आपल्याला?" मग तिला खाली सरकायला लावलं. गाडीभाडं. हमाली. मार्गशीर्षात फवारणीसाठी घेतलेली उचल. ते सगळं जाऊन राहिलेला आकडा तिने पाहिला. मग मी दुसरा कागद काढला, जो दलाल पाठवत नाही, तो घरचा असतो: फवारण्यांची औषधं, रात्रीची राखण करणाऱ्या नेपाळ्याचा पगार, आंबे काढणाऱ्या गड्यांची मजुरी, लाकडी पेट्या, पेंढा, कलमांचं खत. तेही वजा केलं. मग राहिले ते बारा महिन्यांनी भागले. लेक बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आणि माझी फी ह्यातूनच?"

ह्यातून आणि बाबांच्या पगारातून. तिथून पुढे गाडी आपोआप चालू लागली. पुढे एमबीए करायचं तर शैक्षणिक कर्ज लागेल, हे तिला माहीत होतं. शिक्षण चालू असतानाही व्याज चढत राहतं, हप्ता पास झाल्यानंतर वर्षभराने लागतो पण व्याज नाही थांबत, हे नव्हतं. समजा चार लाख घेतले दहा टक्क्यांनी, तर पूर्ण रक्कम उचलल्यापासून वर्षाचे चाळीस हजार नुसतं व्याज. ते महिन्याच्या महिन्याला भरत गेलं तर डोंगर होत नाही. हे तिनेच शोधून काढलं, आम्ही फक्त ऐकलं. यजमानांची कुरकुरही थांबली होती. त्यांनी आपली पगाराची पावतीही काढून दिली, आणि प्रॉव्हिडंट फंड कशाला कापतात, हे सांगताना त्यांना स्वतःलाच दोन ओळी कळेनात.

आता तिचा एक उद्योग चालू झालाय. महिन्याचं यूपीआयचं स्टेटमेंट काढते आणि जो खर्च आठवत नाही त्यावर लाल खूण. पहिल्या महिन्यात कागद जास्वंदीसारखा दिसत होता. एका ओटीटीचे पैसे तर परीक्षेपासून जात होते, बघत कोणी नव्हतं. यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागत नाही, पिन मागितला म्हणजे आपले जाणार, हे तिने आमच्या मासळीवालीलाही समजावलं. मासळीवाली म्हणाली, "बाय, मी रोकच घेतंय." प्रश्न मिटला.

पतपेढीत ठेवलेले पैसे आणि बँकेत ठेवलेले पैसे यांतला फरकही तिने काढला. बँकेतली ठेव, मग ती सहकारी का असेना, २०२० पासून पाच लाखांपर्यंत विम्याखाली असते. पतपेढीला तो विमा नाही. हे ऐकून यजमान ताडकन उठले आणि कपाटातल्या पावत्या मोजायला लागले. कुठे किती, ते मला इतक्या वर्षांत पहिल्यांदा कळलं.

परवा काकू गडग्याशी आल्या. हातात आमसुलांचा डबा. लेक विहिरीशी कपडे पिळत होती.

"काय गो, दाखवलीन का आईने पट्टी?"

"हो, आजी."

"मग? यंदा कशा गेल्या पेट्या?"

मी स्वयंपाकघरातून धावत आले, पण उशीर झाला होता. पोरीने आकडा सांगून टाकला. खराखुरा. भाव, उचल, वजावट, सगळं. तो आकडा मी इथे लिहिणार नाही. हे मासिक आमच्या वाडीत येतं.

काकूंनी डबा गडग्यावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं. मग लेकीकडे.

"एवढ्या? आणि आई तुझी मला म्हणाली, थ्रिप्सने खाल्लं! मग पाचशेची कसली गो, हजाराची काढ रिकरिंग. अर्ज आणल्येय मी."