चि. दत्तक गावास, अनेक आशीर्वाद

चि. गावास अनेक उत्तम आशीर्वाद.

मायना वाचून तू हसशील. तुझ्या पारावरचा पिंपळ माझ्या पणजोबांच्या वयाचा असेल आणि मी अजून एस. वाय.ची एटीकेटी सोडवतो आहे. पण कागद माझ्या बाजूने आहे. कॉलेजच्या राष्ट्रीय सेवा योजनेच्या फलकावर तुझ्या नावाआधी ‘दत्तक गाव’ असे लिहिले आहे, म्हणजे मी आणि माझ्यासारखी आणखी काही पोरे तुझे पालक झालो. दत्तकविधानाचे नियम तसे कडक असतात. १९५६ चा हिंदू दत्तकग्रहण व निर्वाह अधिनियम सांगतो की, रूढीचा अपवाद सोडला तर दत्तक घ्यायचे मूल पंधरा वर्षांच्या आतले असावे, आणि दत्तक गेल्या दिवसापासून त्याला नव्या घरात सख्ख्या मुलासारखे हक्क मिळावेत. तुझ्या बाबतीत वयाची अट कोणी पाहिली नाही आणि वाट्याचे तर नावच नको. आमच्या घरातला नळ, आमचे क्लास, आमच्या वडिलांच्या ओळखी, यांतले काही तुझ्या नावावर चढलेले नाही. डलहौसीने १८४८ साली साताऱ्याचे दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केले, हे आपण शाळेत रागाने वाचतो. आमची पद्धत त्याहून सोयीची आहे. आम्ही दत्तक मंजूर करतो, फोटो काढतो, आणि ठरलेली वर्षे भरली की बिनबोभाट दुसरे गाव घेतो.

तुला वाटेल, शब्दात काय ठेवले आहे? दत्तक म्हणा नाहीतर दोस्त म्हणा. पण शब्द नात्याची दिशा ठरवतो. पालक म्हटले की देणारा कोण आणि घेणारा कोण, हे काम सुरू होण्याआधीच ठरून जाते. या पत्राचा मुद्दा तोच आहे. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या काळात, ३७ विद्यापीठांत सुरू झाली आणि तिचे ब्रीद ‘मी नव्हे, तुम्ही’ अशा अर्थाचे आहे. हेतूबद्दल तक्रार नाही. हिशोब मात्र पाहावा लागतो. स्वयंसेवकाने वर्षाला १२० तास, म्हणजे दोन वर्षांत २४० तास द्यायचे. शिवाय सात दिवसांचे निवासी शिबिर असते. आठ तासांचा दिवस धरला तर २४० तासांचे तीस दिवस होतात. म्हणजे आपण विद्यार्थ्याकडे एका पूर्ण महिन्याची मजुरी दान मागतो. ज्याच्या घरी त्या महिन्यावाचून चूल अडत नाही, तो हे दान हसत करतो. जो पहाटे पेपर टाकतो, दुपारी कॉलेज करतो आणि संध्याकाळी मेडिकलच्या काउंटरमागे उभा राहतो, त्याच्यासाठी शिबिराचे सात दिवस म्हणजे सात खाडे. मालक खाड्याचे पैसे कापतो, कधी माणूसच बदलतो. पुढे सवलतीचे गुण, बायोडेटातली ओळ, परदेशी विद्यापीठाच्या अर्जातला ‘समाजकार्य’ हा रकाना, हे सगळे पहिल्याच्या पदरात पडते. दुसऱ्याबद्दल मुलाखतीत विचारतात, ‘अभ्यासाव्यतिरिक्त काही केलेले दिसत नाही?’

आता तुझ्याच टेकडीवरचा एक खड्डा घेऊ. झाड लावायला दोन फूट रुंद, दोन फूट खोल. वरची वीतभर माती सहज निघते, मग मुरूम लागतो आणि टिकाव ठणकन वाजून मागे येतो. खालचा दगड पहारीने उचकटावा लागतो, तळहाताला फोड येतो तो तिथेच. हा खड्डा रोजगार हमीवर गेलेल्या बाईने खणला तर त्याचे मोजमाप होते, मस्टरवर तिची हजेरी लागते आणि मापाप्रमाणे मजुरी ठरते. १९७२ च्या दुष्काळाने महाराष्ट्राला शिकवलेली ही योजना १९७७ च्या कायद्यात आली आणि २००५ च्या कायद्याने देशभर गेली. तिचा अभिमान आपण भाषणात बाळगतो. पण ‘ती रोजगार हमीवर जाते’ असे सांगताना सांगणाऱ्याचा आवाज एक पट्टी खाली येतो. तोच खड्डा मी खणला की त्याचे नाव श्रमदान. माझ्या डायरीत चार तास लागतात, अहवालात ‘नेतृत्वगुण, संघभावना, सामाजिक बांधिलकी’ असे तीन दागिने चढतात. आणि तोच खड्डा तुझ्यातल्या एखाद्या शेतकऱ्याने शेजाऱ्याच्या बांधावर सावडीने खणून दिला तर त्याची नोंद कुठेच नाही. उद्या शेजारी त्याच्याकडे येईल, संपला विषय. मुरूम तिघांनाही सारखाच कठीण, फोडही तेवढेच. एकाला मजुरी मिळाली, एकाला मोठेपणा, एकाला काहीच नाही. यावरून मी एका निष्कर्षाला आलो आहे. सेवा म्हणून आपण काम मोजत नाही, उतार मोजतो. श्रम वरून खाली वाहत आले तरच ती सेवा. सपाटीवर वाहिले तर शेजारधर्म, आणि पोटासाठी वाहिले तर मजुरी.

उताराचा हा नियम किती पक्का आहे ते पाहायचे असेल तर तुझ्याच आशाताईंकडे बघ. २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आले आणि साधारण हजार वस्तीमागे एक ‘आशा’ नेमली गेली. गरोदर बाईची नोंद, बाळंतपणासाठी दवाखान्यात सोबत, लसीकरणाच्या दिवशी घरोघर हाक, क्षयाच्या रुग्णाची गोळी चुकली की त्याच्या दारात उभे राहणे, हे तिचे काम. कोविडमध्ये लोक दारे लावून बसले असताना ती त्या दारांवर टकटक करत होती. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. पण सरकारदरबारी ती कर्मचारी नाही, ‘स्वयंसेविका’ आहे. म्हणून तिला नोकरदाराचा पगार नाही. कामागणिक मोबदला आहे, मानधन आहे, आणि ते वाढावे म्हणून आझाद मैदानात बसावे लागणे आहे. एकाच शब्दाची ही दोन तोंडे बघ. ‘स्वयंसेवक’ हा शब्द माझ्या नावापुढे लागला की माझी किंमत वाढते, आशाताईंच्या नावापुढे लागला की त्यांच्या कामाची किंमत उतरते. राष्ट्रीय सेवा योजनेच्या बिल्ल्यावर कोणार्कच्या सूर्यमंदिराचे चाक आहे. त्याचे आठ आरे म्हणजे आठ प्रहर, सेवेला अष्टौप्रहर तयार असण्याची खूण. बिल्ला माझ्या छातीवर असतो आणि रात्री दोन वाजता बाळंतिणीसाठी गाडी शोधायला आशाताई निघतात.

यावर आमचे लोक तीन-चार आक्षेप घेतील, तेही ऐकून ठेव. पहिला आक्षेप वजनदार आहे. ते म्हणतील, तू शहरी डोळ्यांनी बोलतोस. राज्यातल्या कितीतरी कॉलेजांत सेवा योजनेची मुले शेतकऱ्या-मजुरांचीच असतात, तिथे कसला वर्गभेद? ही गोष्ट खरी आहे, आणि तिनेच माझा मुद्दा पक्का होतो. जी मुलगी घरी रोज दोन हंडे डोक्यावर आणते, ती शेजारच्या गावात जाऊन जलसाक्षरतेची फेरी काढते. घरचे हंडे मोजले जात नाहीत, फेरीचे तास मोजले जातात. ती गरीब असली तरी सात दिवस तिला देणाऱ्याच्या जागेवर उभे केले जाते. टोपी, टी-शर्ट, बॅनर, प्रभातफेरी, संध्याकाळी बौद्धिक आणि शेवटी सरपंचांच्या हस्ते समारोप, या सगळ्यातून ती एक गोष्ट चांगली शिकते: मान हवा असेल तर आपण जिथून आलो त्याच्यापेक्षा एक पायरी वर उभे राहून बोलायचे असते. सेवेचा उतार जन्माने मिळाला नसेल तर तो उभा करता येतो, हे शिबिर शिकवते.

दुसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा. हेतू काही असो, काम तर होते ना? सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून ओढ्यावर वनराई बंधारा घातला तर पाणी अडतेच. ते काही स्वयंसेवकाचे उत्पन्न विचारून थांबत नाही. मान्य. बंधारे घालू नयेत असे मी म्हणत नाही. पण कामच महत्त्वाचे असेल तर आमच्या अहवालात पाण्याची नोंद कुठे आहे? स्वयंसेवकांची संख्या असते, तास असतात, पाहुण्यांची नावे असतात, हारतुऱ्यांचे फोटो असतात. त्या बंधाऱ्यामागे जानेवारीत पाणी किती उरले, पुढच्या पावसाळ्यात गोण्या राहिल्या की वाहून गेल्या, लावलेल्या रोपांतली किती उन्हाळ्यात जगली, हे लिहायला रकाना नसतो. ज्याला रकाना असतो ते आपल्याला हवे असते. रकाने आमच्या नावाचे आहेत, तेव्हा योजनेचा लाभार्थी कोण, हे वेगळे सांगायला नको.

तिसरा आक्षेप भावनेचा असतो: पैसे आणले की सेवेचा आत्मा मरतो. हा आक्षेप बहुधा ज्यांना पैशाची नड नाही तेच घेतात. या महाराष्ट्रात कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली आणि ‘स्वावलंबी शिक्षण’ हे तिचे ब्रीद केले. हाताने काम करून शिकणारी पोरे तिथे लाजली नाहीत. आज विद्यापीठांत ‘कमवा व शिका’ योजना आहे. त्यात मुले तासाच्या दराने बागेला पाणी घालतात, ग्रंथालयातली पुस्तके झटकून लावतात, कार्यालयात फायली वाहतात. सेवा योजनेतला विद्यार्थी त्याच आवारात ‘स्वच्छता अभियान’ करतो. एक झाडतो म्हणून शिकू शकतो, दुसरा शिकतो म्हणून एक दिवस झाडतो. पण सेवेच्या खात्यात तास जमा होतो तो दुसऱ्याचा. गाडगेबाबांचे नाव या अभियानांत हमखास घेतले जाते. बाबा गावात शिरले की आधी खराटा हातात घेत आणि रात्री कीर्तनात गावाला खडसावत. त्यांना तो हक्क होता, कारण ते गावाच्या वर उभे नव्हते. आमचा खराटा फोटोपुरता असतो, म्हणून खडसावण्याचा हक्कही फोटोपुरताच.

उरला कारकुनी आक्षेप. घरकाम, सावड, भावंडांना सांभाळणे हे मोजायचे कसे? लोक खोटे लिहितील. लिहितीलही. पण शिबिराच्या डायऱ्या एकाच बैठकीत, एकाच पेनाने भरल्या जातात हे ज्याला ठाऊक आहे त्याने हा आक्षेप घेताना जरा हळू बोलावे. शिवाय मोजता येत नाही हे खरे नाही. सरकारने २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरचे बिनपगारी काम मोजले. ते करणाऱ्या बायका तेव्हा दिवसाला सरासरी २९९ मिनिटे त्यात घालवत होत्या आणि करणारे पुरुष ९७ मिनिटे. दिवसाला २९९ मिनिटे म्हणजे जवळजवळ पाच तास. या दराने आमचे दोन वर्षांचे २४० तास एखादी बाई दोन महिन्यांच्या आत पुरे करते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर समाजसंपर्काची क्रेडिट पदवीच्या अभ्यासक्रमात आली आहेत. आता कोणाचे तास धरायचे हा नुसता मानाचा प्रश्न राहिला नाही, पदवीचा झाला आहे. तेव्हा निदान एवढे व्हावे. काम करून शिकणाऱ्याचे आणि घर सांभाळणारीचे तास त्याच वहीत, त्याच दराने धरावेत. शिबिराला येणाऱ्या गरजू मुलाला बुडालेल्या रोजाची भरपाई द्यावी. आणि आमच्या कामावर शेरा मारायचा अधिकार आमच्या प्राध्यापकांइतकाच, जिथे काम झाले तिथल्या माणसांना असावा.

इथवर ‘तू’ म्हणालो ते कागदोपत्री पालक म्हणून. तो अधिकार मी आता परत करतो, तेव्हा यापुढे ‘आपण’. पुढच्या डिसेंबरात शिबिराची बस आपल्या वेशीत येईल. तेव्हा हार आणू नका, शाळेचे पटांगण आमच्यासाठी झाडून ठेवू नका. रोजगार हमीवर ज्यांनी टेकडीचे खड्डे खणले त्या बाईंना आमच्या मुकादम करा. मस्टर त्यांच्या हातात द्या. खड्डा दोन फुटांना चार बोटे कमी भरला तर त्यांनी आमचे तास कापावेत आणि कारण लिहावे. त्या मस्टरवर माझी हजेरी लागली तर ते पान मी बायोडेटाला जोडीन. नोकरी देणाऱ्याला ते वाचता आले नाही, तर त्याला आपल्याकडे सात दिवस पाठवून देऊ.

आपला,
सात दिवसांचा पाहुणा

ता. क. हे पत्र लिहायला लागलेले तास मी डायरीत मांडलेले नाहीत. मांडले असते तर ‘ग्रामसंवाद’ या सदरात सहज खपले असते.