दोन इंच माया

आमच्याकडे पॅंटचं वय वर्षांत सांगत नाहीत, मुलांत सांगतात. धाकट्याच्या अंगात सध्या जी निळी कॉर्डरॉयची पॅंट आहे, ती तीन मुलं वयाची आहे. डोंबिवलीला नणंदेच्या मुलासाठी ती नवी घेतली गेली, तिथून कळव्याला आमच्या थोरल्याकडे आली, थोरल्याच्या पोटऱ्या दिसायला लागल्यावर धाकट्याला मिळाली, आणि आता विटाव्याची माझी मावसबहीण "घाई नाही हं मुळीच" असं म्हणत दर रविवारी फोन करून धाकट्याची उंची विचारते. कळव्याला फास्ट गाडी थांबत नाही. कपडेही इथे धीम्या मार्गानेच येतात.

ही व्यवस्था मी सुरू केलेली नाही. मी सासरी आले तेव्हा ती चालू होती, मला फक्त तिच्यात चढावं लागलं. थोरला झाला तेव्हा मी ठाण्याच्या गोखले रोडवरून हौसेने नवी झबली आणली होती. सासूबाईंनी ती शांतपणे कपाटात ठेवली आणि कुठल्याशा गाठोड्यातून एक पांढरं झबलं काढलं. बाळाच्या अंगाला पहिलं लागायचं ते जुनं, दुसऱ्या मुलाने घातलेलं. त्याने आयुष्य वाढतं. खरं कारण उघड आहे. धुऊन धुऊन सुती कापडाची खळ गेलेली असते, ते मऊ झालेलं असतं, कोवळ्या अंगाला टोचत नाही. पण "टोचत नाही" म्हटलं तर सुना ऐकत नाहीत, "आयुष्य वाढतं" म्हटलं की मुकाट्याने ऐकतात. त्या झबल्याचं आयुष्य मात्र निश्चितच वाढलेलं होतं. नणंदेच्या यजमानांनीही म्हणे लहानपणी तेच घातलेलं.

सासूबाईंच्या आईने कंट्रोलचं कापड पाहिलेलं. दुसऱ्या महायुद्धात कापडाची टंचाई झाली आणि १९४३ साली सरकारने सुती कापडावर नियंत्रण आणलं. त्याच साली विलायतेतल्या सरकारने 'मेक डू अँड मेंड' नावाची पुस्तिका काढून तिथल्या बायकांना रफू, ठिगळ आणि जुन्याचं नवं कसं करायचं ते शिकवलं. तिकडे युद्ध संपलं, पुढे रेशनिंगही उठलं. आमच्या घरी हे खातं सासूबाईंकडे आहे आणि युद्ध अजून चालू आहे.

आता थोडं गणित. शाळकरी वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटिमीटर वाढतं. त्यातली निम्मी वाढ पायांच्या वाट्याला धरली तरी पॅंट वर्षाला इंचभर, कधी सव्वा इंच आखूड होते. पूर्वी शिंपी बॉटमला आत दोन इंच माया ठेवायचा, म्हणजे दीड-दोन वर्षांची निश्चिंती. दर जूनला शाळा उघडायच्या आधी एक दुमड सोडायची, इस्त्री मारायची, झालं. सोडलेल्या दुमडीची पांढुरकी रेघ तेवढी जात नाही. थोरल्याच्या गणवेशावर अशा रेघा एकाखाली एक होत्या आणि झाडाच्या बुंध्यातली वर्तुळं मोजावीत तशी त्याची इयत्ता त्यावरून काढता यायची. मुलींच्या परकर-फ्रॉकला तर टक घालत, एकेक टक उसवत गेलं की फ्रॉक पोरीबरोबर वाढायचा.

आजची तयार पॅंट उलटी करून बघा. ओव्हरलॉकची टीप, आणि तिला लागून जेमतेम नखभर कापड. शिवणाऱ्याचंही बरोबर आहे म्हणा. लाखभर पॅंटी काढायच्या तर प्रत्येक पायाला दोन इंच म्हणजे किती ताग्यांचं नुकसान! शिवाय तुमचं मूल वाढलं की तुम्ही दुकानात परत यायला हवं, यात त्यांचा फायदा आहे. माया ठेवून धंदा होत नाही.

आणि हे कुठे, तर कापडाच्या गावांच्या मधोमध. खाडीपलीकडे ठाण्यात १९२५ साली रेमंडची गिरणी उभी राहिली. आता तिच्या जागेवर टॉवर आहेत. दुसऱ्या अंगाला उल्हासनगर. फाळणीनंतरच्या निर्वासित छावणीचं १९४९ साली शहर झालं, सिंधी कुटुंबांनी शून्यातून धंदे उभे केले, आणि पाच नंबर कॅम्पाची जीन्स देशभर गेली. जीन्सवरून आठवलं. १८७३ साली अमेरिकेत जेकब डेव्हिस नावाच्या शिंप्याने लेव्ही स्ट्रॉसच्या भागीत पॅंटच्या खिशांना तांब्याचे रिव्हेट मारण्याचं पेटंट घेतलं, कारण कष्टकऱ्यांचे खिसे कोपऱ्यात फाटत. खिशाचा प्रश्न सुटला. गुडघ्याचा दीडशे वर्षं झाली तरी तिथेच आहे. उलट आता गुडघ्यावर फाडूनच विकतात, आणि फाडलेली धड असलेल्यापेक्षा महाग. थोरल्याने तसली जीन्स मागितली. सासूबाईंनी किंमत विचारली, ऐकली आणि म्हणाल्या, "साधी आण आणि धाकट्याला चार दिवस घालायला दे. फुकटात होईल."

माझं ठिगळकाम लोकलमध्ये चालतं. सकाळी कळव्याला गाडीत पाय ठेवायला मिळाला तरी सुई धरायला कोपर हलत नाही. म्हणून मी शेअर रिक्षाने पूल ओलांडून ठाण्याला जाते आणि ठाण्याहून सुटणारी धीमी पकडते. खिडकी मिळाली की पिशवीतून पॅंट काढायची. लेडीज डब्यात तुम्ही रडलात तर बायका शिष्टाचार म्हणून दुसरीकडे बघतील, पण सुईत दोरा ओवलात की अख्खा डबा तुमचा. मुलुंडला चढलेल्या एकीने सांगितलं, इस्त्रीने चिकटणारं ठिगळ मिळतं, एवढी मेहनत कशाला? समोरची म्हणाली, दुसऱ्या धुण्याला सुटतं ते, माझ्याकडून लिहून घ्या. मटार सोलणाऱ्या एक काकू गप्प होत्या. भांडुप गेल्यावर त्यांनी पॅंट माझ्या हातातून काढून घेतली, डोळ्यांजवळ नेली आणि निकाल दिला, "चौकोनी कापलंस? कोपरे उचलणार. लांबट गोल काप. आणि कापड बाहेरचं कशाला घेतेस, याच पॅंटच्या खिशाच्या आतलं घे, रंग बरोबर तेवढाच उडालेला असतो." मी इतकी वर्षं शिवतेय, ही अक्कल मला कुठल्या यूट्यूबने दिली नाही. खिशाला मग आत जुना रुमाल लावायचा, तो कोण बघतंय!

मग चौथ्या सीटवरची कॉलेजातली मुलगी ओरडली, "आंटी, हे साशिको आहे का?" तिने फोनवर दाखवलं. जपानात फाटक्या निळ्या कापडावर पांढऱ्या दोऱ्याने मुद्दाम दिसतील असे धावदोरे घालतात. पूर्वी तिथल्या गरीब शेतकरी-कोळ्यांची गरज होती, आज ती कला आहे, तिचे वर्ग चालतात, लोक पैसे भरून शिकतात. घरी येऊन मी सासूबाईंना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा लावून बघितला. "छान आहे. निळा दोरा संपला होता का त्यांचा?"

आमच्या यजमानांचाही या कार्यात वाटा आहे. चेनचा रनर सैल झाला की पकडीने त्याच्या दोन्ही कडा हलकेच दाबायच्या, दात पुन्हा धरतात. हे एवढं एक काम ते करतात आणि पाहुण्यांना सांगतात की घरात चेन नवी घालायची वेळ येत नाही.

प्रजा मात्र पूर्ण समाधानी नाही. थोरला एकदा आपला शर्ट धाकट्याला द्यायला तयार होईना. मी 'श्यामची आई' काढलं. म्हटलं, बघ, श्यामने खाऊचे पैसे साठवून धाकट्या भावाला कोट शिवला. तो लगेच म्हणाला, "नवा शिवला ना? मग तुम्ही याला माझा जुना का देता?" साने गुरुजींपुढे मी काय बोलणार! धाकटा त्या मानाने सोशिक. दिवाळीला त्याला कोरा करकरीत शर्ट दिला, तर त्याने आधी कॉलर उलटून आत कुणाचं नाव लिहिलंय ते पाहिलं.

या साखळीचा खरा शत्रू शाळा. पोरांच्या शाळेने (नाव घेत नाही, दोघेही अजून तिथेच शिकतात) मध्येच गणवेशाचा रंग बदलला आणि राखी रंगाच्या धडधाकट पॅंटी एका परिपत्रकात निकालात निघाल्या. मुलांच्या मापाशी खेळणं सोपं नसतं, हे सरकारनेही अनुभवलं. २०२४-२५ ला राज्यातल्या सरकारी शाळांसाठी 'एक राज्य, एक गणवेश' आला, बचत गटांतल्या बायकांकडून शिवून घ्यायचं ठरलं. कुठे उशीर झाला, कुठे कुणाला सैल, कुणाला घट्ट अशा तक्रारी आल्या, आणि डिसेंबर २०२४ मध्ये ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे गेलं. मंत्रालयात बसून कळव्यातल्या पोराचा गुडघा मोजता येत नाही. एकाच घरात राहून आम्हालाही येत नाही.

त्या राखी पॅंटी शेवटी बोहारणीपुढे ठेवल्या. तिने एकेक उचलली, उजेडात धरली, गुडघ्यावर बोट फिरवलं. "ताई, ह्यात ठिगळ किती नि पॅंट किती?" सगळ्या मिळून ती चहाची गाळणी देत होती. डबा हवा असेल तर साहेबांची एखादी पॅंट टाका, म्हणाली. सासूबाईंनी घासाघीस केली, मी स्वयंपाकघरात गेले, आणि परत येईपर्यंत यजमानांची ऑफिसची पॅंट गेली होती. डबा चांगला आहे, झाकण घट्ट बसतं.

पैशात बघाल तर हे सगळं परवडत नाही. दोरा, इलास्टिक, टिचबटणं आणि माझा वेळ धरला तर जांभळी नाक्याला तेवढ्यात नवी हाफपॅंट येते, वर पिशवी. एका सुती टी-शर्टमागे कापसापासून धरून २,७०० लिटर पाणी जातं, असा एक हिशेब आहे. पाणी बंद असलेल्या दिवशी मी तो थोरल्याला ऐकवला, तर त्याने विचारलं, मी किती दिवस अंघोळ केली नाही म्हणजे एक टी-शर्ट होईल? त्यामुळे पर्यावरणाचा मुद्दाही मी मागे घेतलाय. मला चांगलं कापड टाकवत नाही, एवढंच.

सध्या अडचण वेगळीच आहे. डोंबिवलीचा भाचा कॉलेजात गेला आणि वरून येणारा माल आटला. त्याच्या जीन्स दुकानातूनच फाटून येतात, आणि फाडून विकत घेतलेलं सासूबाई घरात घेत नाहीत. फाडायचं काम आमच्याकडे घरच्या घरी होतं. तेव्हा कळवा, खारेगाव, पारसिकनगर, विटावा इथल्या वाचकांना विनंती आहे. थोरल्यासाठी पॅंट हवी आहे. कमर चोवीस, लांबी चौतीस. रंग उडालेला चालेल, गुडघा गेलेला चालेल, चेन अडकत असेल तर आमचे हे आहेतच. फक्त बॉटम एकदा उलटून बघा, आणि आत दोन इंच माया असेल तर कळवा.