मॅकचा माणूस फुटला हो!

आपल्याकडे माणूस फुटायचा तर आधी सुरतेचं नाहीतर गुवाहाटीचं हॉटेल बुक होतं, रातोरात बस निघते, टीव्हीवाले दारात ठाण मांडतात. जस्टिन लाँगनं यातलं काही म्हणजे काही केलं नाही. २००६ ते २००९ ॲपलच्या जाहिरातींत स्वतःला मॅक म्हणवून घेणारा हा गडी मार्च २०२१ मध्ये उघडपणे इंटेलच्या मांडवात जाऊन बसला आणि कॅमेऱ्यात बघून मॅकचीच उणीदुणी काढायला लागला. टचस्क्रीन नाही, गेम चालत नाहीत, एका पडद्याला दुसरा पडदा जोडला की तिसऱ्याला नकार! पैसे घेतले असणार, दुसरं काय. पण ज्याचं मीठ खाल्लं त्याची थोडी तरी लाज नको?

आणि मूळ जाहिरातीही काही सोवळ्या नव्हत्या. सहासष्ट होत्या एकूण. यंत्रात काय आहे याची चौकशी त्यांत बेताचीच. एका बाजूला जीन्समधला हा तरुण लाँग, दुसऱ्या बाजूला सूट घातलेला, चष्मेवाला, जरा सुटलेला जॉन हॉजमन, म्हणजे पीसी. बिचारा सारखा आजारी पडायचा, हँग व्हायचा, तक्रारी करायचा. तुम्ही विंडोज घेतलंत तर तुम्ही कोण, हे शेजाऱ्यांना न सांगता कळावं एवढीच सोय केली होती. घरातलं यंत्र सोडून घरातल्या माणसाला नावं ठेवायची, ही रीत आपल्याला नवी नाही. पण त्यासाठी कोणी इतका खर्च केलेला ऐकिवात नव्हता.

मायक्रोसॉफ्टही मग पदर खोचून उतरली. २००९ मध्ये त्यांनी एका मुलीला हजार डॉलरच्या आत लॅपटॉप घे म्हणून दुकानात धाडलं. ॲपलच्या दुकानातून ती बाहेर पडली ती आपण काही मॅक घेण्याइतक्या भारी नाही म्हणत, आणि सातशे डॉलरला एचपी घेऊन घरी गेली. त्यावर पुढचं ऐका. ॲपलच्या वकिलांनी फोन करून या जाहिराती बंद करा, आम्ही किमती उतरवल्यात, असं सांगितलं म्हणे. म्हणे कशाला, मायक्रोसॉफ्टचे केविन टर्नर यांनी जुलै २००९ मध्ये भर सभेत सांगितलंय, आणि वर आपण व्हरांड्यात कोलांट्या उड्या मारल्या हेही. एवढ्या मोठ्या कंपनीचे एवढे मोठे साहेब!

आता तुम्ही म्हणाल, आम्ही राहतो त्र्यंबकेश्वरात, या मॅक-पीसीच्या भांडणाचा आमच्याशी काय संबंध? अहो, दोन पंथांत आधी बुडी कोणी मारायची यावरून डोकी फुटणं म्हणजे काय, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. सिंहस्थात शैव आखाडे आमच्या कुशावर्तावर आणि वैष्णव नाशकात रामकुंडावर, ही वाटणी काही प्रेमातून झाली नाही. पेशवाईत तलवारी निघाल्या, माणसं पडली, तेव्हा घाट वेगळे करावे लागले. तेव्हापासून ज्याची डुबकी त्याच्या पाण्यात. संगणकवाल्यांना असा पेशवा भेटला नाही. त्यांना एकाच घरात, एकाच प्लगवर राहायचंय.

आमच्या गल्लीतलंच बघा ना. नाव घेत नाही, उगाच बोभाटा नको. गुरुजींचं घर, दोन मुलगे. थोरल्यानं मॅकबुक घेतलं. यजमान कुठून कुठून येतात, कालसर्पाला, नारायण नागबळीला. त्यांच्यापुढे ती चंदेरी वही उघडून तारीख बघितली की यजमान जरा ताठ बसतो, असं वहिनी म्हणतात. मी म्हणत नाही. धाकट्यानं नाशिकला खेपा घालून पीसी असेंबल करवून आणला. काचेचं कॅबिनेट, आत तीन पंखे, आणि प्रत्येक पंख्याला निळे-जांभळे दिवे. श्रावणात तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीच्या फेरीला आलेली माणसं खिडकीत डोकावून विचारून गेली, इथे मोबाईल रिचार्ज होतो का.

आणि गंमत अशी की गुरुजींचा कुंडलीचा जुना प्रोग्राम चालतो फक्त विंडोजवर. त्यामुळे थोरल्यानं यजमान आणायचा, जन्मवेळ घ्यायची, आणि राहू-केतू कुठे बसलेत हे बघायला धाकट्याच्या खोलीचं दार वाजवायचं. तिथे व्हॅलोरंटचा गेम चाललेला. एक राऊंड थांब म्हणतो! पितरांची कामं थांबलीत, आणि हा राऊंड संपवतोय.

पण गेमच्या बाबतीत थोरल्याला तोंड वर करायला जागाच नाही. व्हॅलोरंट मॅकवर येत नाही. काउंटर-स्ट्राइकची नवी आवृत्ती २०२३ ला आली, तीही मॅकला वगळून. २०१९ मध्ये ॲपलनं एका अपडेटनिशी ३२ बिटचे सगळे प्रोग्राम बाद केले, त्यात लोकांनी पैसे मोजून घेतलेले जुने गेम एका रात्रीत अडगळीत गेले. आणि सगळ्यात लाजिरवाणं प्रकरण हेलोचं. १९९९ साली स्टीव्ह जॉब्सनं स्वतः मंचावर उभं राहून हा गेम मॅकवाल्यांना दाखवला, टाळ्या घेतल्या. दुसऱ्याच वर्षी मायक्रोसॉफ्टनं तो बनवणारी बंजी कंपनी गेमसकट विकत घेतली आणि २००१ मध्ये हेलो एक्सबॉक्सवर मिरवला. साखरपुडा इकडे, वरात तिकडे! अलीकडे सायबरपंकसारखे मोठे गेम मॅकवर यायला लागलेत, पण सायबरपंक निघाला २०२० ला आणि मॅकवर उतरला २०२५ च्या जुलैत. तोवर धाकट्याचा तो खेळून, कंटाळून, उडवूनही झाला होता.

थोरला मात्र यावर एकच उत्तर देतो, की माझ्या यंत्राचा आवाज येत नाही. हे खरंय. धाकट्याचे पंखे सुरू झाले की गुरुजींना संध्या करताना मंत्र पुन्हा पहिल्यापासून म्हणावा लागतो.

पण हे सगळं सोसेल हो. खरी चव्हाट्यावर आणायची गोष्ट आहे ती रॅमची. पूर्वी काय होतं, लॅपटॉप हळू झाला की चार स्क्रू काढायचे, रॅमची एक पट्टी जास्त टाकायची, झाला ताजातवाना. २०१२ च्या रेटिना मॅकबुक प्रोपासून ॲपलनं रॅमला डाख देऊन टाकला, बॅटरी चिकटवून टाकली. घेताना जेवढी घेतली तेवढीच जन्मभर. आणि घेताना जास्त हवी असेल तर? आठ जीबीची सोळा करायला, एम-वनच्या मॅकबुकापासून बघा, वीस हजार रुपये मोजावे लागायचे! तेवढ्यात बाजारात पट्ट्या मूठभर मिळायच्या. २०२३ मध्ये ॲपलचे बॉब बोर्चर्स म्हणाले, आमची आठ म्हणजे इतरांची सोळाच समजा. बरं, समजलो. मग २०२४ च्या ऑक्टोबरात सगळ्यांना सोळा का दिली? आणि २०१९ चा मॅक प्रो, त्याला चाकं हवीत तर चारशे डॉलर वेगळे, त्याच्या पडद्याचा पाय नऊशे नव्व्याण्णवला. पडद्याचा पाय! चाकांवरच्या त्या यंत्रात रॅम तरी बदलता यायची, पुढच्या २०२३ वाल्यात तीही सोय गेली.

धाकटा हे सगळं पाठ म्हणून दाखवतो, जेवताना, भावाकडे बघून. त्याला वाटतं आपला पक्ष धुतल्या तांदळाचा. म्हणून त्याला कोणी लूनर लेकचं सांगू नका. सप्टेंबर २०२४ मध्ये, लाँगला फोडून मॅकला हसणाऱ्या त्याच इंटेलनं लॅपटॉपसाठी लूनर लेक नावाचे जे प्रोसेसर काढले त्यांत रॅम थेट प्रोसेसरच्याच तबकात बसवली. सोळा घ्या नाहीतर बत्तीस घ्या, पुढे वाढ नाही. ॲपलच्या पावलावर पाऊल, तेही जसंच्या तसं! कंपनीचे तेव्हाचे प्रमुख पॅट गेल्सिंगर म्हणाले, एवढ्या एका खेपेलाच केलं हो, पुन्हा नाही. हेच गेल्सिंगर जानेवारी २०२१ मध्ये ॲपलला नुसती लाइफस्टाइल कंपनी म्हणून हिणवत होते, आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात टीव्हीवर सांगत होते की ॲपलचं काम पुन्हा मिळालं तर हवंय. आधी शिव्या आणि मग चारचौघांत आर्जवं. आपल्या वाड्यात असं कोणी केलं असतं तर पंगतीत शेजारी बसवलं नसतं.

वर आता नियतीनं धाकट्याचीच खोडी काढली. एआयवाल्यांच्या डेटा सेंटरांनी जगभरची रॅम ओढून नेली, भाव कडाडले, आणि डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉननं आपला क्रूशल हा घराघरांतला ब्रँडच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. नाशकातल्या दुकानदारानं पट्टीचा भाव सांगितला तेव्हा पोरगं काउंटरला धरून उभं राहिलं म्हणतात. थोरल्यानं त्या दिवशी जेवताना दुसऱ्यांदा श्रीखंड मागितलं.

तरी धाकटा मागे हटत नाही. आल्यागेल्याला काचेतून ते दोन रिकामे स्लॉट दाखवतो. हवी तेव्हा वाढवता येते, म्हणतो, हाच तर फरक. परवा आजींनीही वाकून बघितलं. म्हणाल्या, "अरे, दोन वर्षं वाढवता येते वाढवता येते ऐकतेय. तोवर त्या खाचांत उदबत्त्या तरी खोवू का?"