अळूशिवाय अळूवडी

लीड्स,
श्रावणातला दुसरा रविवार

ती. आई आणि ती. बाबा यांना साष्टांग नमस्कार.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "नागपंचमीला काय केलंत?" तेव्हा तुमचे चिरंजीव तोंडात घास असल्यासारखे "हूं" म्हणून बाजूला झाले. तोंडात घास नव्हता, आई. विषय टाळायचा होता. फोन करताना ते कायम माझ्या कानाशी उभे असतात, म्हणून हे सविस्तर पत्र. आत्ता ते मळ्यावर गेले आहेत. मळा म्हणजे सव्वा गुंठा, पण त्याची हकीकत पुढे येईलच.

सुरुवात धाकट्याच्या शाळेनं केली. घरातला कोणता जिन्नस किती मैल प्रवास करून ताटात येतो, ते मार्चमध्ये लिहून न्यायचं होतं. फरसबी केनियाची निघाली. द्राक्षं चक्क नाशिकची. ज्वारीचं पीठ, चिंच, आमसुलं, हिंग यांचे मैल मोजता मोजता त्याच्या वहीची दोन पानं भरली. "बाबा, आपली आमटी आजीपेक्षा जास्त फिरलीय," एवढं बोलून तो खेळायला गेला. त्याच्या बाबांना मात्र ते लागलं. रात्री जेवताना त्यांनी जाहीर केलं की यापुढे या घरात लीड्सच्या आसपास पिकलेलं, ताजं आणि त्या त्या हंगामातलंच शिजेल.

तुम्ही चाळीस वर्षं हेच करत आलात. मंडईत जे स्वस्त आणि कोवळं दिसेल ते आणायचं, परसात जे उगवेल ते चिरायचं. पण तुम्ही त्यावर कधी भाषण दिलं नाहीत. यांनी दिलं, आणि भात गार झाला.

मग वाटाघाटी झाल्या. तांदूळ आणि तूरडाळ यांना नाइलाज म्हणून प्रवेश मिळाला. हिंगाला औषध म्हणून. तुमचा गोडा मसाला मी सोडणार नव्हते, तेव्हा थोरलीनं तोड काढली, "आजीचा मसाला लोकलच, आजी घरातलीच आहे." हा युक्तिवाद एकमतानं मान्य झाला. अडली ती चिंच. तिचं घरातलं कोणी निघेना. आता आमटीला आंबट काय घालायचं?

उत्तर दारातच होतं. आमच्या दक्षिणेला मॉर्ली, रॉथवेल आणि वेकफील्ड यांच्या मध्ये जो टापू आहे, त्याला इथे रूबार्बचा त्रिकोण म्हणतात. रूबार्ब म्हणजे लालगुलाबी, आंबटढाण देठ. इथले लोक त्यात मूठमूठ साखर घालून गोडाधोडात खातात. झाड मुळात सायबेरियाकडचं, थंडी सोसणारं. दोन वर्षं ते शेतात नुसतं वाढू देतात, एक देठ तोडत नाहीत. हिवाळ्यात कडाक्याची थंडी खाल्ली की मुळासकट उपटून उबदार, काळोख्या शेडमध्ये आणून लावतात. उजेड नाही, त्यामुळे मुळांत साठलेली सगळी शिदोरी देठांत उतरते आणि देठ कोवळे, उंच होतात. पूर्वी खत म्हणून इथल्या गिरण्यांतल्या लोकरीचा चोथा घालायचे आणि ऊब द्यायला खाणीतला कोळसा होताच. एके काळी ते लंडनला पोहोचवायला हंगामात रोज रात्री खास आगगाडी सुटायची. २०१० साली युरोपीय संघानं त्या नावाला संरक्षणही दिलं. आपल्या अलिबागच्या पांढऱ्या कांद्याला मानांकन आहे ना, तसं.

आम्ही तशी एक शेड बघायला गेलो. आत मेणबत्त्यांच्या उजेडात तोडणी चालते, कारण जास्त उजेड लागला तर देठ निबर होतात. मिट्ट काळोख, ओळीनं लावलेल्या मेणबत्त्या, कोणी मोठ्यानं बोलत नाही. कोंब फुटतानाचा बारीक टक्‌ असा आवाज तेवढा कानावर येतो. यांनी नकळत टोपी काढली. धाकट्यानं माझी बाही ओढून विचारलं, "आई, देव कुठाय?"

दोन किलो घेऊन आलो. आई, तुम्हाला सांगते, हा रूबार्ब आपल्या आंबट चुक्याच्या कुळातला आहे, आणि ते कूळ जिभेला लगेच कळतं. आमटीत दोन तुकडे टाकले की विरघळून जातात आणि चिंचेची आठवणही येत नाही. बरं, येते, पण थोडी. गूळ घालून मेथांबा केला, तो कैरीच्या मेथांब्याच्या तोंडात मारेल असा झाला. पन्हंही केलं. ते इतकं गुलाबी दिसतं की थोरलीच्या मैत्रिणींना पन्हं म्हणून पटलंच नाही.

एप्रिलमध्ये यांना रानभाज्यांचं वेड लागलं. नदीकाठच्या झाडीत इथे रानलसूण उगवतो. रुंद पानं, लांबूनच वास. हिरव्या मिरचीबरोबर त्याचा ठेचा असा होतो की तेवढ्यासाठी मी भाकरीचा विषय पुन्हा पटलावर घेतला आणि ज्वारीला माफी मिळवली. पण तो खुडताना डोळ्यांत तेल घालावं लागतं. त्याच जागी, त्याच्यातच मिसळून एक विषारी पान उगवतं, आणि हे विलायती पान अळूच्या खानदानातलं आहे! या देशात आपल्या ओळखीचं एक घराणं रानात आपसूक वाढतं, आणि तेही खाता येऊ नये, याला काय म्हणावं? मग नेटल. हात लावला की आग होणारा पाला, आपल्या खाजकुयलीची धाकटी बहीण. उकळत्या पाण्यातून काढला की निवतो. हातमोजे घालून निवडला आणि पीठ पेरून भाजी केली. चव पालकाची, कष्ट लढाईचे. पुन्हा करणार नाही, असं मी सांगितलं आहे.

आता मळा. इथे नगरपालिका लोकांना भाज्या लावायला जमिनीचे तुकडे वर्षाच्या भाड्यानं देते. १९०८ सालच्या कायद्यानं तशी तिच्यावर जबाबदारीच आहे. पण मागणारे फार, म्हणून यादीत नाव घालून बसायचं. आमचा नंबर चार वर्षांनी लागला, तोही नेमका या शपथेच्या महिन्यात, त्यामुळे यांना तो दैवी संकेत वाटला. पूर्ण तुकडा साधारण अडीच गुंठ्यांचा असतो. आम्हाला अर्धा मिळाला. तरी ऑफिसात कोणी विचारलं की हे सांगतात, "आमची थोडी शेती आहे."

मेथी झकास आली. मुळाही आला. मुळ्याचा पाला आम्ही नेतो आणि शेजारपाजारचे आमच्याकडे टक लावून बघतात, कारण ते मुळा ठेवून पाला टाकतात. आता सगळ्या मळ्यातला मुळ्याचा, बिटाचा, नवलकोलाचा पाला आमच्या फाटकाशी येऊन पडतो. आमच्याकडे गाय आहे असा एकाचा समज होता. बाकल्याच्या शेंगा भरपूर लागल्या, त्यांची मी डाळिंब्यांसारखी सोलून उसळ केली. कोथिंबीर मात्र इथल्या जूनमधल्या लांबलचक दिवसांत वेड्यासारखी फुलावर जाते. तिच्यासाठी मी दर पंधरा दिवसांनी थोडं बी टाकत बसते.

आणि बिअरचं. किराणा सामानाच्या पावतीवर बिअर दिसते असं थोरली तुम्हाला बोलून गेल्याचं कळलं. खरं आहे. पण ती गोगलगाईंसाठी असते. शंख नसलेल्या, बोटाएवढ्या काळ्या गोगलगाई रात्रीतून रोपं फस्त करतात. वाडग्यात बिअर ओतून वाडगं मातीत पुरलं की वासानं त्या येतात, पितात आणि त्यातच बुडतात. वाडग्यात ओतल्यावर बाटलीत उरते तिचं काय होतं, ते चिरंजीवांनाच विचारा.

तर मूळ मुद्दा नागपंचमीचा, म्हणजे अळूवडीचा. श्रावण लागला आणि यांना अळूवडीची अशी काही तल्लफ आली की झोपेत सुद्धा "खमंग" म्हणाले. दुकानात अळू मिळतो, पण तो विमानानं आलेला, तेव्हा शपथ आडवी आली. शनिवारी मळ्यावरून पिशवी घेऊन धावत घरी आले. "हे बघ! आपल्याच मातीतलं!" पिशवीत रूबार्बची दहा पानं. हातभर रुंद, जाड शिरा, लालसर देठ. मोरीच्या पाण्यावर तुमच्या परसात वाढतो तो अळू डोळ्यांसमोर आला. मी बेसन भिजवलं, यांनी लाटण्यानं शिरा चेपल्या, पहिलं पान पालथं घातलं.

तेवढ्यात शेजारच्या तुकड्यावरचे आजोबा दुधीएवढे काकडीसारखे कूर्जेट घेऊन दारात उभे. ऑगस्टमध्ये इथे कूर्जेट इतके पिकतात की लोक ते दुसऱ्याच्या दाराशी ठेवून पळून जातात. हे सभ्य गृहस्थ, घंटी वाजवतात. त्यांनी ओट्यावर पान पाहिलं आणि त्यांचा चेहराच उतरला. रूबार्बचा देठ खायचा, पान नाही! पान विषारी. पहिल्या महायुद्धात भाज्यांची टंचाई होती, तेव्हा ही पानं खा असा सल्ला या देशात दिला गेला होता, आणि लोकांना विषबाधा झाली होती, असं त्यांनी सांगितलं. यांनी वाद घातला, "अळूही खाजतोच की, आम्ही त्याला चिंचेनं गप्प करतो." मग थोरलीनं, यंदाच रसायनशास्त्र घेतलं आहे तिनं, बापाला समजावलं. अळूत सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात, आणि नीट शिजवलं की त्यांचा त्रास जातो. रूबार्बच्या पानात ऑक्झॅलिक आम्लच भरपूर, ते शिजवून जात नाही, थेट मूत्रपिंडावर जातं. मी लाटणं धुतलं. दोनदा.

बेसन भिजलेलं, मोहरी तडतडायला बसलेली, आणि पान नाही. आजोबा काही न बोलता गेले आणि त्यांच्या वाफ्यातली चार्डची पानं घेऊन आले. चार्ड म्हणजे बिटाचा भाऊ, पण पान तळहातापेक्षा बरंच मोठं आणि मऊ. पिठात चिंचेऐवजी शिजवलेल्या रूबार्बच्या देठाचा कोळ, गूळ, तीळ आणि तुमचा गोडा मसाला. उंडे वाफवले, कापले, तळले. अळू नाही, चिंच नाही. यांनी पहिली वडी तोंडात टाकली आणि डोळे मिटले. मला वाटलं विषबाधा. पण ते म्हणाले, "आईच्या हातची."

तेव्हा, आई, श्रेय कोणाकडे गेलं ते तुमच्या लक्षात आलंच असेल.

आजोबांनी सात वड्या खाल्ल्या. आता ते येता-जाता एक जुडी चार्ड आणून दाराशी उभे राहतात आणि घरात तेल तापवलंय का याचा वास घेतात. शुक्रवारच्या बाजारातल्या बांगड्यांबद्दलही लिहिण्यासारखं होतं, पण श्रावण आहे, ते पुढच्या पत्रात.

बाबांच्या गुडघ्याला कसं आहे? तेल लावता ना?

आपली,
सून

ता. क. – पुढच्या महिन्यात यांचा मावसभाऊ इकडे येतोय. लावायची रोपं, कंद या देशात रोगमुक्तीच्या सरकारी दाखल्याशिवाय आणता येत नाहीत, विमानतळावर काढून घेतात. म्हणून हात जोडून विनंती, मेतकुटाच्या डब्यात तळाशी अळूचे कंद घालू नका. मी तुम्हाला ओळखते.