हरळीची बडदास्त

वास्तुशांतीच्या पंगतीत कुणी विचारत नाही, मीच सांगतो. अटलांटाच्या आसपास एखाद्या मराठी कुटुंबाने घर घेतलं, की मसालेभात संपून श्रीखंड येईपर्यंत मी डेकवर पोचलेला असतो. घराच्या नव्हे, लॉनमोअरच्या. पातं ज्या पत्र्याच्या झाकणाखाली फिरतं, तो डेक. पात्याची मागची कड किंचित वर वळवलेली असते. फिरताना ती हवा वर खेचते, हवेबरोबर आडवं पडलेलं गवत उभं राहतं, आणि उभं राहिलं की त्याचा शेंडा उडतो. एवढं बोलून मी यजमानांकडे पाहतो. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसतं त्याला मी आदर समजतो. बायको वेगळं काही समजते.

मग मूळ प्रश्न: रोटरी की सिलिंडर? रोटरी म्हणजे नुसता वेग. एकच पातं गरगरत गवताला झोडपून काढतं. धार गेली असेल तर गवत कापलं जात नाही, फाटतं, आणि सगळ्या लॉनचे शेंडे पांढुरके पडतात. सिलिंडर खानदानी. त्यात पिळदार पाती एका स्थिर पात्याला लगटून फिरतात, म्हणजे काम कात्रीचं. इथे कुणी चुकून ‘हे काढलं कुणी?’ असं विचारलं, तर श्रीखंडाला पाणी सुटेपर्यंत सुटका नाही.

काढलं एडविन बडिंगने. इंग्लंडात ग्लॉस्टरशायरमध्ये, स्ट्राउडजवळ. पेटंट 1830 सालचं. तो मुलूख लोकरी कापडाच्या गिरण्यांचा. विणलेल्या कापडावरची लव एकसारखी छाटायला तिथे फिरत्या पात्यांचं यंत्र असे. बडिंगने ते पाहिलं आणि त्याच्या मनात आलं, जमीनही अशीच भादरता येईल. त्याआधी बड्या घरांपुढचं गवत मजूर लांब दांड्याच्या कोयत्यांनी कापत. असं सांगतात, की शेजाऱ्यांना सुगावा लागू नये म्हणून बडिंग यंत्राची चाचणी रात्री घ्यायचा. (आमच्या गल्लीत ती रविवारी सकाळी सातला घेतात, सगळ्यांना कळावं म्हणून.) पण माझा जीव आहे तो त्याच्या पेटंटातल्या एका विधानावर: हे यंत्र खुद्द जमीनदार साहेबांनी चालवलं तर त्यांची करमणूक होईल आणि प्रकृतीला व्यायामही. बघा, मजुराचं काम मालकाच्या गळ्यात घालायचं तर त्याला मौज म्हणावं, हे या गृहस्थाला तेव्हाच उमगलं होतं! गेल्या जवळजवळ दोनशे वर्षांत जे जमीनदार त्याला भुलले, त्यांतला पाव एकराचा एक मी.

बाकीची परिभाषा मी एका दमात उरकतो. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त कापायचं नाही. मल्चिंग म्हणजे कापलेलं बारीक करून तिथेच टाकायचं. त्यातला नत्र मातीला परत मिळतो. थॅच म्हणजे हिरवा पाला आणि माती यांच्यामध्ये साचलेला देठामुळांचा थर. तो मल्चिंगमुळे होतो ही अफवा. एरेशन म्हणजे इथल्या घट्ट लाल मातीतून बोटाएवढे गट्टू उपसून काढायचे, मुळांना हवा मिळावी म्हणून. आणि हे सगळं कशासाठी? गवत जरा वाढलं की वस्तीच्या समितीचं अतिशय सभ्य पत्र येतं. ते गवत गुरं खात नाहीत, त्यावर कुणी बसत नाही, मुलं आत व्हिडिओ गेम खेळतात. या मुद्द्याला माझा आवाज चढतो, म्हणून पंगतीत मी तो काढत नाही.

माझं लॉन बर्म्युडा गवताचं. आबा आले तेव्हा चपला काढून त्यावर उभे राहिले. मग वाकले, एक धुमारा उपटून त्याची पेरं निरखली.

“लेका, ही तर हरळी की रं.”

हरळीच. साताऱ्याकडे आमच्या रानात याच हरळीपायी आबांनी उन्हाळेच्या उन्हाळे नांगरटीमागे वाकून काढले. काशा वेचायच्या, बांधावर वाळवायच्या, जाळायच्या. एक कांडं मातीत राहिलं की पावसाला पुन्हा हजर. आईही त्यांच्या जोडीला असायची. मला मात्र ते रानात फिरकू देत नसत. शाळेत जा म्हणायचे, नाहीतर जन्मभर काशा वेचशील. मी गेलो. शिकलो, समुद्र ओलांडला, आणि आता तिलाच खत घालतो, स्प्रिंकलरने पाणी पाजतो. खताच्या पोत्याची किंमत आबांना रुपयांत सांगायची नाही, असं घरात ठरलं आहे.

मी त्यांना मोअर दाखवला. हँडलचा दांडा सोडला की पातं तीन सेकंदांच्या आत थांबलंच पाहिजे, असा इथला कायदा. आबांना ते मनापासून आवडलं. मग म्हणाले, “कापल्यालं खातं कोण?”

मी मल्चिंग समजावलं.

“म्हंजे हरळीच हरळीला घालायची?”

गणपतीत पंचाईत झाली. दीड इंचावर छाटलेल्या, वर तणनाशक मारलेल्या गवतातून जुडी निघायची कशी? बायकोने देशी दुकानातून दूर्वांचं पाकीट विकत आणलं. आबांनी त्यावरची किंमत वाचली, पावतीही वाचली आणि कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत लॉन बघून घेतलं.

गावाकडून फोन आला की लोक त्यांना विचारतात, पोरगं तिकडं काय करतं? आबा सांगतात, कंप्युटरमध्ये आहे. शनिवार-रविवारचं अजून कुणी विचारलेलं नाही.