जपानकर

जंक्शनच्या गावात एक तरी माणूस असा निघतोच, ज्याला गाडीत बसण्यापेक्षा गाडीचं वेळापत्रक जास्त गोड लागतं. आमच्या गोंदियात तो मान काकाजींचा. उभा जन्म राइस मिलमध्ये मुनीमकी केली, धानाचे कट्टे मोजले, आणि हात मोकळे होऊ लागले तसा जपान मोजायला घेतला. जपानला ते अजून गेलेले नाहीत. पण गावात त्यांना जपानकर म्हणतात, आणि उद्या कुणी सत्काराच्या पत्रिकेवर तसं छापलं तरी ते हरकत घ्यायचे नाहीत.

जपानशी आपलं नातं जन्माचं आहे, असं त्यांचं म्हणणं. टोकियो ते ओसाका पहिली बुलेट ट्रेन १ ऑक्टोबर १९६४ ला सुटली आणि त्याच दिवशी आपण जन्मलो, असा त्यांचा दावा. शाळेच्या दाखल्यावर गुरुजींनी सगळ्या वर्गाबरोबर त्यांचीही तारीख १ जुलै टाकून ठेवली आहे, त्यामुळे पुरावा काही नाही. जपानात ती गाडी धावू लागली तेव्हा गोंदियाहून बालाघाटकडे छोट्या लाइनची गाडी रमतगमत जायची. काकाजींचं सासर बालाघाटचं. लग्नाची वरातसुद्धा त्याच गाडीनं गेली. वेगाची भूक तिथूनच लागली असावी.

त्यांच्याजवळ लाल बासनाची एक लांबोडकी खतावणी असते. मिलमध्ये वापरतात तशीच, आणि माझा अंदाज मिलमधलीच. तिच्यात जपान नावेजमा करून लिहिलेला आहे. नावेच्या बाजूला टोकियो, क्योतो, हिरोशिमा, साप्पोरो. जमेच्या बाजूला एकच आकडा, तोही पेन्सिलनं. आणि सगळा हिशेब येनमध्ये नाही, रुपयांतही नाही. तो आहे धानात.

"सात दिवसांचा रेल्वे पास पन्नास हजार येन," ते सांगतात. "सत्तावन्न पैसे भाव धरा. साडेअठ्ठावीस हजार रुपये. २०२५-२६ चा हमीभाव २,३६९. म्हणजे किती झाले जी? बारा क्विंटल धान! सात दिवस नुसतं बसायचे बारा क्विंटल!"

समोरचा शेतकरी असेल तर त्याच्या तोंडचा घास थांबतो. येन म्हटलं की कुणाला काही वाटत नाही, बारा क्विंटल म्हटलं की अख्खी बांधी डोळ्यासमोर उभी राहते.

हा पास म्हणजे जपानकरांच्या आयुष्यातली मोठी जखम. परदेशी पाहुण्यांसाठी असलेला हा पास २०२३ च्या सप्टेंबरपर्यंत २९,६५० येनला होता. तेव्हाच्या भावानं पावणेआठ क्विंटल. काकाजींनी त्या पासवर चौदा वर्षं नाही म्हटलं तरी बारा वर्षं बेत रचला. कोणत्या गाडीतून उतरून कोणत्या फलाटावर किती मिनिटांत जायचं, इथपर्यंत. सगळं जुळलं, आणि १ ऑक्टोबर २०२३ ला दर एकदम पन्नास हजारांवर गेला. वाढदिवसालाच! त्या दिवशी काकाजी पोह्याच्या ठेल्यावर आले, पण तर्री घेतली नाही. जाणत्यांनी ओळखलं की घरात काही तरी झालं आहे.

पुढे सावरले. आता ते पासच्या विरोधात आहेत. टोकियोहून क्योतोला जायचं आरक्षित तिकीट चौदा हजार येनच्या आसपास. जाऊन येऊन अठ्ठावीस. मग पन्नास कशाला घालायचे? त्यापेक्षा सुटी तिकिटं काढा, एका भागापुरते छोटे पास असतात ते घ्या, रात्रीची बस पकडा. हा हिशेब त्यांनी इतक्यांना ऐकवला आहे की आमच्या दूधवाल्यालाही पास परवडत नाही हे पाठ आहे. साध्या पासवर नोझोमी नावाच्या बुलेट ट्रेनमध्ये बसू देत नाहीत, वेगळे पैसे मोजावे लागतात, हेही त्याला ठाऊक आहे. "हिकारीत बसायचं, नोझोमीत नाही," असं तो चरवी ओततानाच सांगतो.

पासनंतर काकाजींनी एक तरुणांचं तिकीट शोधून काढलं. त्याच्या नावात अठरा आहे, पण वयाची अट नाही. साठीचा माणूसही चालतो. फक्त साध्या, थांबत थांबत जाणाऱ्या गाड्यांत बसायचं. पाच दिवसांचे १२,०५० येन, म्हणजे तीन क्विंटललाही थोडं कमीच. शिवाय ते पाच दिवस सलग नसले तरी चालत, आणि पाच जणांत एक दिवसही वाटून घेता येई. काकाजींनी लगेच पाच जण ठरवले. स्वतः, काकू, साळा, साळ्याची बायको आणि एक जागा रिकामी, ज्यावर मोहल्ल्यात बराच काळ राजकारण झालं. २०२४ च्या हिवाळ्यापासून जपाननं नियम बदलला. दिवस सलगच हवेत, आणि एका तिकिटावर एकच माणूस. "आपली खतावणी कोणी तरी तिकडं पाठवते बावा," असं काकाजी त्या दिवशी म्हणाले. ते गमतीत म्हणाले नव्हते.

रात्रीच्या गाडीवर मात्र त्यांचा अजून जीव आहे. टोकियोहून शिकोकू आणि इझुमोकडे जाणारी सनराइज. जपानात रोज धावणारी एवढीच एक स्लीपर गाडी उरली आहे. तिच्यात एक वर्ग असा, की बर्थ नाही, गालिचा घातलेली जमीन आणि पांघरूण. "म्हणजे जानोसा!" काकाजी खूश होतात. "लग्नघरी झोपतो तसं ओळीनं झोपायचं. हॉटेलचे पैसे वाचले, सकाळी उतरलो तर गाव समोर." जगातल्या सगळ्यात नेटक्या रेल्वेत आपल्या जानोशाची सोय आहे, याचा त्यांना झालेला आनंद मला खरंच पटतो.

विमानाबाबत ते जास्त सावध. टोकियो ते साप्पोरो रेल्वेनं आठेक तास, विमानानं दीड. स्वस्त कंपन्यांचं तिकीट कधी कधी रेल्वेच्या निम्म्यातही मिळतं. इथे नवखा माणूस भुलतो. काकाजी नाही. विमान सुटतं नारितावरून, नारिता शहरापासून साठ किलोमीटर, तिथे जायचं भाडं धरलं का? हातातलं सामान सात किलो, त्यावर गेलं की पैसे, ते धरले का? काकूंच्या लाडवांचं वजन धरलं का? अशा तीन प्रश्नांत स्वस्त तिकीट महाग करून दाखवतात. पण एक गोष्ट ते शपथेवर सांगतात, आणि ती पटण्यासारखी आहे. परदेशातून जाताना टोकियोला उतरायचं आणि परतीचं विमान ओसाकाहून घ्यायचं. उलट टोकियोला यायचे चौदा हजार येन, म्हणजे तीन क्विंटलच्या वर धान, तिथल्या तिथे वाचतं.

गोंदियातून निघायचं कसं, यावर खतावणीत वेगळी पानं आहेत. विदर्भ एक्स्प्रेस इथूनच सुटते, तेव्हा मुंबईपर्यंत जागेची चिंता नाही. गीतांजली धरली तर हावडा, आणि कोलकात्याहून बँकॉकमार्गे स्वस्त पडतं. तिसरा मार्ग बिरसीचा, म्हणजे गोंदियाच्या विमानतळाचा. मार्च २०२२ मध्ये बिरसीहून प्रवासी विमान सुरू झालं तेव्हा काकाजींनी सगळा बेत खोडून नवा लिहिला. ते बंद पडलं, पुन्हा खोडला. डिसेंबर २०२३ मध्ये हैदराबादचं विमान सुरू झालं, पुढे तिरुपतीपर्यंत. काकाजी तिसऱ्यांदा लिहायला बसले. ते बिरसी-हैदराबाद-टोकियो जुळवत असताना काकू बचत गटातल्या बायकांबरोबर त्याच विमानानं तिरुपतीला जाऊन आल्या. मंगळवारी ठरलं, पुढच्या आठवड्यात दर्शन. काकाजींनी एवढंच विचारलं, "खिडकीची जागा किती मिनिटं अगोदर मागितली?" काकू म्हणाल्या, "मागितली नाही जी, रिकामी होती."

तयारी मात्र कसून चालू असते. सराव म्हणून ते कामठीचं ड्रॅगन पॅलेस पाहून आले. जपानी मदतीतून उभं राहिलेलं आणि १९९९ मध्ये खुलं झालेलं हे बुद्धविहार. तिथे त्यांनी जपानी शिस्तीत बूट काढले आणि बाहेर आल्यावर नागपुरी शिस्तीत शोधले. दीक्षाभूमीवर भदंत सुरई ससाईंना त्यांनी लांबून नमस्कार केला. जपानात जन्मलेला हा माणूस साठच्या दशकात नागपूरला आला आणि इथलाच नागरिक होऊन राहिला. "पास न घेता आले," असं काकाजी आदरानं सांगतात.

होक्काइदोतल्या कुशिरोला क्रौंच पक्ष्यांचा नाच पाहायचा, हेही खतावणीत आहे. त्यासाठी दोन दिवस आणि बरेच क्विंटल राखून ठेवले आहेत. महाराष्ट्रात सारस उरला तो मुख्यतः आमच्या गोंदिया-भंडाऱ्याच्या बांध्यांत, त्याचाच तो भाऊबंद. मी विचारलं, "काकाजी, आपला सारस पाहिला का?" म्हणाले, "तो घरचा आहे. तो कुठं जाते?"

हल्ली घरचे हसतात, आणि हसावं असंच हे आहे. पण काकाजींचा पासपोर्ट दहा वर्षांची मुदत संपून पुन्हा नवा झाला आहे, हे विसरता येत नाही. एकही शिक्का नसलेला पासपोर्ट पैसे भरून नवा करणं, हे कंजुषाचं काम नव्हे.

तुमच्या मनात जपानला जायचं असेल, तर तिकीट काढण्याआधी त्यांना जरूर भेटा. सकाळी आठनंतर पोह्याच्या ठेल्यावर सापडतात, फुकट सांगतात आणि आकडा चुकत नाहीत. आत टोकियोतून, बाहेर ओसाकातून, सामान सात किलो, पास घेण्याआधी बेरीज. एवढं ऐकलं की उठा. बासन सोडू देऊ नका. ते सोडलं की संध्याकाळच्या आत तुम्हीही धानात मोजू लागाल, आणि मग तुमचंही जाणं राहिलं म्हणून समजा.